लॅटिन शब्दमूले आणि इंग्रजी शब्दसंग्रह

इंग्रजी शब्दाची फोड करून त्यातील लॅटिन मूळ अंश, उपसर्ग व प्रत्यय ओळखणे आणि त्यांच्या आधारे अपरिचित शब्दाचा अर्थ लावणे व तो स्मरणात ठेवणे, या अध्ययनपद्धतीस लॅटिन शब्दमूलांची पद्धती असे म्हणता येईल. हिच्यात शब्द सुटा पाठ न करता त्याचे कूळ ओळखण्यावर भर असतो. एक मूळ कळले, की त्यापासून बनलेले दहा-वीस शब्द एकत्र ध्यानात येतात, हा तिचा मुख्य लाभ होय. मात्र मुळाचा अर्थ आणि शब्दाचा प्रचलित अर्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर ओळखणे हाही या पद्धतीचाच भाग आहे.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. पूर्वीच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. या दोन जिल्ह्यांत मराठी व तिची झाडीबोली, गोंडी व माडिया, सिरोंचा भागात तेलुगू, तसेच छत्तीसगढी व बंगाली या भाषा बोलल्या जातात. अनेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने इंग्रजी ही दुसरी नव्हे, तर तिसरी भाषा ठरते. महाराष्ट्रात २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले, तरी शहरी जीवनावर बेतलेली शब्दांची उदाहरणे या विद्यार्थ्यांना परकी वाटतात. याउलट वनवृक्षांची शास्त्रीय नावे आणि वनविषयक कायद्यांची परिभाषा हे लॅटिन मुळांचे दोन मोठे साठे त्यांच्या परिसराशी निगडित आहेत. यांपैकी दुसऱ्या साठ्यातील शब्दांवर येथील रहिवाशांचे हक्कही अवलंबून असतात.

(प्रस्तुत नोंदीत लॅटिन शब्द मूळ लॅटिन उच्चाराला अनुसरून, तर वनस्पतींची शास्त्रीय नावे रूढ उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्रजी ही मुळात जर्मानिक कुळातील भाषा होय. तिच्यात लॅटिन शब्द निरनिराळ्या काळी आले. इ. स. ५९७ मध्ये रोमहून आलेल्या धर्मप्रसारकांबरोबर ख्रिस्ती धर्माचे शब्द आले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार, न्याय व महसूल यांचे शब्द फ्रेंचमधून आले. फ्रेंच ही लॅटिनपासूनच निघालेली असल्याने हे शब्दही बहुतांशी लॅटिन मुळांचेच होते. पुढे प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून शब्द थेट उचलले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सु. ८०,००० शब्दांच्या एका गणनेनुसार इंग्रजीत थेट लॅटिनमधून व फ्रेंचमधून आलेल्या शब्दांचा वाटा प्रत्येकी सु. २८ टक्के, तर जर्मानिक शब्दांचा सु. २५ टक्के आहे. तथापि नित्य वापराचे शब्द मुख्यतः जर्मानिकच आहेत. ‘ट्री’, ‘लीफ’, ‘वॉटर’, ‘वुड’ यांची फोड लॅटिनच्या साहाय्याने होत नाही.

मराठी वाचकाला ही स्थिती अनोळखी नाही. मराठीत घरात ‘झाड’ व ‘पान’ म्हणतात, ग्रंथात ‘वृक्ष’ व ‘पर्ण’ लिहितात. तद्भव व देशी शब्द रोजच्या व्यवहारात आणि तत्सम शब्द शास्त्रात, अशी ही विभागणी आहे. इंग्रजीत ‘लीफ’ व ‘फोलिएज’ यांचे नाते असेच आहे. मराठीत संस्कृतचे जे स्थान, बहुतांशी तेच इंग्रजीत लॅटिनचे होय.

शब्दांची घडण : लॅटिन शब्दाची घडण उपसर्ग, मूळ व प्रत्यय या तीन अंगांनी होते. संस्कृत ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार असे भिन्नार्थी शब्द उपसर्गभेदाने बनतात. त्याचप्रमाणे लॅटिन ‘दूकेरे’ म्हणजे नेणे, या क्रियापदापासून ‘प्रोड्यूस’ (पुढे आणणे, उत्पन्न करणे), ‘रिड्यूस’ (मागे नेणे, कमी करणे), ‘इंट्रोड्यूस’ (आत नेणे, परिचय करून देणे) व ‘डिडक्ट’ (खाली नेणे, वजा करणे) हे शब्द झाले. वारंवार येणारे उपसर्ग थोडेच आहेत : ‘रि’ (मागे, पुन्हा), ‘प्रो’ (पुढे), ‘ट्रान्स’ (पलीकडे), ‘पर’ (आरपार), ‘कॉन’ (एकत्र), ‘एक्स’ (बाहेर), ‘सब’ (खाली), ‘इंटर’ (मध्ये) इत्यादी.

उपसर्गाचा शेवटचा वर्ण पुढील वर्णाशी जुळवून घेतो, त्यामुळे त्याचे रूप पालटते. अभावदर्शक ‘इन’ हा उपसर्ग ‘इम्पॉसिबल’ यात ‘इम’ आणि ‘इल्लीगल’ यात ‘इल’ होतो. उत् + लेख = उल्लेख किंवा सत् + जन = सज्जन हे संधी ज्याला ठाऊक आहेत, त्याला यात नवे काही नाही. तसेच एकाच क्रियापदाची दोन अंगे इंग्रजीत येतात. लॅटिन ‘मित्तेरे’ (पाठविणे, सोडणे) याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘मिस्सुस’ असे होते. म्हणून ‘परमिट’ या क्रियापदाचे नाम ‘परमिशन’ होते. संस्कृतात ‘युज्’चे ‘युक्त’ व ‘युक्ती’ किंवा ‘दृश्’चे ‘दृष्ट’ व ‘दृष्टी’ होते, तसाच हा प्रकार होय.

संस्कृतशी नाते : लॅटिन व संस्कृत या दोन्ही भाषा इंडो-यूरोपीय कुळातील होत. त्यांचे साम्य सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात मांडले. लॅटिन ‘देन्स, देन्तिस’ व संस्कृत ‘दन्त’ (इंग्रजी ‘डेंटिस्ट’), ‘इग्निस’ व ‘अग्नी’ (‘इग्निशन’), ‘नोवुस’ व ‘नव’ (‘नॉव्हेल’), ‘नोमेन’ व ‘नामन्’ (‘नॉमिनी’), ‘स्तारे’ व ‘स्था’ (‘स्टेशन’) ही सजातीय शब्दांची काही उदाहरणे. यांतील लॅटिन शब्द संस्कृतमधून घेतलेले नाहीत. दोन्ही एका पूर्वकालीन भाषेतून वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत. ज्यांची मातृभाषा गोंडी, माडिया किंवा तेलुगू आहे, त्यांच्या भाषा द्राविड कुळातील असल्याने त्यांना हे साम्य शाळेत शिकलेल्या मराठीच्या द्वारेच उपलब्ध होते. शिक्षकाने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. जो दुवा एका विद्यार्थ्याला स्वाभाविक वाटतो, तो दुसऱ्याला आणखी एक पाठांतर ठरू शकतो.

वनवृक्षांची शास्त्रीय नावे : कार्ल लिनीअस यांच्या १७५३ मधील स्पीशीज प्लँटेरम या ग्रंथापासून वनस्पतींना प्रजाती व जाती अशी द्विपद नावे देण्याची रीत रूढ झाली. या नावांची घडण लॅटिन व्याकरणानुसार होते, मात्र त्यांतील मुळे लॅटिन, ग्रीक किंवा अन्य भाषांतीलही असतात. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देण्याचे बंधन १९३५ पासून होते. २०१२ च्या आरंभापासून इंग्रजी वर्णनही ग्राह्य झाले, नावे मात्र लॅटिन रूपातच राहिली.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानझडी वनांतील ऐन, अर्जुन, हिरडा व बेहडा हे चारही वृक्ष टर्मिनॅलिया या प्रजातीतील होत. लॅटिन ‘तेर्मिनुस’ म्हणजे सीमा, शेवट. या प्रजातीत पाने फांद्यांच्या टोकांशी दाटीने येतात, म्हणून हे नाव पडले. याच मुळापासून ‘टर्मिनल’, ‘टर्मिनेट’ (संपविणे), ‘डिटर्मिन’ (सीमा ठरविणे, निश्चित करणे) आणि मुंबईच्या रेल्वेस्थानकामुळे सर्वपरिचित झालेला ‘टर्मिनस’ हे शब्द आले आहेत.

‘फोलिउम’ म्हणजे पान. धावड्याच्या ॲनोजिसस लॅटिफोलिया या नावात ‘लातुस’ (रुंद), मोहाच्या मधुका लाँगिफोलिया या नावात ‘लोंगुस’ (लांब), कळंबाच्या मित्रगायना पार्विफोलिया या नावात ‘पार्वुस’ (लहान) आणि हळदू व गुळवेल यांच्या नावांतील कॉर्डिफोलिया या पदात ‘कोर, कोर्दिस’ (हृदय) ही मुळे ‘फोलिउम’ला जोडलेली आहेत. पाच वनस्पतींची पाने हाती घेतली असता पाच मुळे एकदम शिकविता येतात. त्यांतून ‘फोलिएज’ (पर्णसंभार), ‘फोलिओ’ (ग्रंथाचे पान), ‘पोर्टफोलिओ’ (पाने नेण्याची पिशवी), ‘लॅटिट्यूड’ (रुंदी, अक्षांश), ‘लाँगिट्यूड’ (लांबी, रेखांश), ‘कॉर्डियल’ (मनापासूनचा) व ‘रेकॉर्ड’ हे शब्द उलगडतात. ‘रेकॉर्ड’चा मूळ अर्थ पुन्हा हृदयात आणणे, म्हणजे स्मरणे, असा आहे. मोहाच्या नावातील मधुका हे पद संस्कृत ‘मधूक’ याचेच लॅटिन रूप होय.

या भागातील भरीव बांबूचे नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असे आहे. त्यातील पहिले पद ग्रीक असून ‘स्त्रिक्तुस’ म्हणजे ताणलेला, ताठ. ‘स्ट्रिक्ट’ (कडक), ‘रिस्ट्रिक्ट’ (मागे आवळणे, निर्बंध घालणे) आणि ‘डिस्ट्रिक्ट’ हे त्याचे सगोत्र शब्द होत. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे मुळात ज्यावर एखाद्याची सक्तीची सत्ता चालते असा मुलूख. रोहणाच्या सोयमिडा फेब्रिफ्यूगा या नावात ‘फेब्रिस’ (ताप) व ‘फुगारे’ (पळविणे) ही मुळे आहेत. त्याची साल तापावर वापरली जात असे. ‘फीव्हर’, ‘फ्यूजिटिव्ह’ (पळालेला) व ‘रेफ्यूजी’ (आश्रयासाठी आलेला) यांचा उगम याच दोन मुळांशी पोहोचतो. ज्याचे बी गढूळ पाणी निवळण्यासाठी वापरतात, त्या निवळीचे नाव स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम. ‘पोतारे’ म्हणजे पिणे. ‘पोटेबल’ (पिण्यायोग्य), ‘पोशन’ (औषधी पेय) आणि फ्रेंचमार्गे अर्थ पालटून आलेला ‘पॉयझन’ (विष) हे त्याच कुळातील शब्द होत.

सगळी नावे मात्र लॅटिन मुळांची नसतात. पळसाच्या नावातील मोनोस्पर्मा (एकबीजी) व तेंदूच्या नावातील मेलॅनोझायलॉन (काळ्या लाकडाचा) ही पदे ग्रीक आहेत. सागाचे नाव टेक्टोना ग्रँडिस. त्यातील ‘ग्रान्दिस’ (मोठा) हे पद लॅटिन आहे. टेक्टोना हे मात्र पोर्तुगीज ‘तेका’मार्गे मलयाळम् ‘तेक्कु’पर्यंत जाते, आणि इंग्रजी ‘टीक’ही तेथूनच आला. तेलुगू ‘टेकु’ व गोंडीतील सागवाचक शब्द याच द्राविड मुळाचे आहेत. म्हणजे आलापल्लीच्या सागवनातील गोंडी किंवा सिरोंचाच्या तेलुगू भाषक मुलाला या लॅटिन नावाचा पूर्वार्ध मराठी भाषकापेक्षा अधिक जवळचा आहे.

वनकायद्यांची परिभाषा : ‘फॉरेस्ट’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील ‘फोरेस्तिस’ यावरून आला. त्याचे मूळ ‘फोरिस’ म्हणजे बाहेर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. राजाच्या शिकारीसाठी राखून इतरांना बाहेर ठेवलेले रान, असा त्याचा आरंभीचा आशय होता. ‘फॉरेन’ (परदेशी) हा शब्दही याच मुळाशी जोडला जातो. वन या अर्थाचा जुना लॅटिन शब्द ‘सिल्वा’ हा होय. त्यावरून ‘सिल्व्हिकल्चर’ (वनसंवर्धनशास्त्र) ही संज्ञा बनली.

भारतीय वन अधिनियम, १९२७ यात ‘रिझर्व्ह्ड फॉरेस्ट’ (राखीव वन) व ‘प्रोटेक्टेड फॉरेस्ट’ (संरक्षित वन) असे वर्ग आहेत. पहिल्यात ‘रि’ व ‘सेर्वारे’ (जपून ठेवणे) यांच्या योगाने मागे राखून ठेवणे, आणि दुसऱ्यात ‘प्रो’ व ‘तेगेरे’ (झाकणे) यांच्या योगाने पुढून झाकणे, असा अर्थ होतो. ‘तेगेरे’ हा संस्कृत ‘स्थग्’ (झाकणे) याचा सजातीय होय. शब्द ध्यानात ठेवण्यास एवढी फोड पुरेशी आहे, परंतु त्यांतील कायदेशीर भेद तिच्यातून कळत नाही. ढोबळमानाने, राखीव वनात ज्याला मुभा दिलेली नाही ते निषिद्ध असते. संरक्षित वनात जे निषिद्ध केलेले नाही त्याला मुभा असते. हा भेद केवळ कायद्याच्या कलमांतून समजतो. येथे शब्दमूल मुके आहे.

दुसरे उदाहरण ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ (गौण वनोपज) या संज्ञेचे. लॅटिन ‘मिनोर’ म्हणजे अधिक लहान. ‘मायनस’, ‘मायनॉरिटी’ व ‘डिमिनिश’ हे शब्द त्याच कुळातील आहेत. इमारती लाकडाच्या तुलनेने इतर उत्पन्न गौण, या वनप्रशासनाच्या दृष्टीतून हे विशेषण आले. परंतु बांबू, तेंदूपाने, मध, मेण, लाख व औषधी वनस्पती यांचा समावेश असलेले हे उत्पन्न वनवासी कुटुंबाच्या दृष्टीने गौण नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. या परवान्याला ‘ट्रान्झिट पास’ म्हणतात. ‘ट्रान्स’ (पलीकडे) व ‘ईरे’ (जाणे) यांच्या योगाने ‘ट्रान्झिट’ म्हणजे ओलांडून जाणे. या दोन संज्ञांपैकी ‘ट्रान्झिट’मध्ये मूळ व व्यवहार जुळतात. ‘मायनर’मध्ये मात्र मूळ दिशाभूल करते.

तिसरे उदाहरण २००६ च्या वनहक्क अधिनियमाचे. त्याच्या इंग्रजी नावात ‘रेकग्निशन’ (मान्यता) हा शब्द आहे. ‘रि’ व ‘कोग्नोस्केरे’ (जाणणे) यांपासून तो बनला असून त्याचे मूळ संस्कृत ‘ज्ञा’शी सजातीय आहे. अर्थ असा, की आधीपासून असलेली गोष्ट पुन्हा ओळखणे. हा हक्क नव्याने बहाल केलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांचे जे हक्क नोंदले गेले नव्हते, ते या अधिनियमाने ओळखले, असे त्याच्या उद्देशिकेचे तात्पर्य आहे. तेथील नोंदीचा शब्द ‘रेकॉर्ड’ हाच असून तो हळदूच्या हृदयाकार पानाशी एकमूल आहे. हक्क निहित करणे या अर्थाचा ‘व्हेस्ट’ हा ‘वेस्तिस’ (वस्त्र) यावरून, म्हणजे संस्कृत ‘वस्त्र’ याच्या सजातीय शब्दावरून आला. हक्काचे वस्त्र अंगावर घालणे, असा त्यातील मूळ संकेत आहे. येथे शब्दमूल कायद्याचा आशय स्पष्ट करण्यास खरोखर साहाय्य करते.

मर्यादा : दिसण्यात सारखी असणारी मुळे भिन्न असू शकतात. ‘लॅटिट्यूड’मधील ‘लात’ रुंदीवाचक आहे. ‘लॅटरल’मधील ‘लात’ बाजू या अर्थाचा आहे, तर ‘ट्रान्स्लेट’मधील ‘लात’ म्हणजे नेलेला. ‘पेडल’मधील ‘पेद’ लॅटिन असून त्याचा अर्थ पाय असा आहे, तर ‘पेडॅगॉजी’मधील अंश ग्रीक असून त्याचा अर्थ मूल असा आहे. ‘रिझर्व्ह’मधील ‘सेर्वारे’ (जपणे) आणि ‘सर्व्हिस’मधील ‘सेर्वीरे’ (सेवा करणे) ही क्रियापदेही निराळी आहेत. ‘मिशन’ हा शब्द ‘मित्तेरे’चा आहे, ‘मिस्टेक’ मात्र नाही. ‘इन’ हा उपसर्ग ‘इनव्हिजिबल’मध्ये अभाव दाखवितो, तर ‘इन्फ्लेमेबल’मध्ये (ज्वालाग्राही) दाखवीत नाही. पेट्रोलच्या टाकीवरील हा शब्द ‘न पेटणारे’ असा वाचणारा जिवावरचा धोका पत्करतो.

अध्यापनातील उपयोग : या पद्धतीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवणे इष्ट असते. प्रथम परिसरातील वस्तू, तिचे मराठी व मातृभाषेतील नाव; नंतर शास्त्रीय नाव व त्याची फोड; त्यानंतर त्याच मुळाचे दोन-तीन प्रचलित इंग्रजी शब्द; आणि अखेरीस प्रत्येक शब्दाचा वाक्यात उपयोग व कोशातून अर्थाची पडताळणी. यांपैकी शेवटची पायरी वगळल्यास पद्धती निव्वळ व्युत्पत्तीच्या करमणुकीत रूपांतरित होते. एका वेळी एकच मूळ घेणे आणि ते किमान तीन शब्दांत दाखविणे उपयुक्त ठरते. अतिप्रचलित जर्मानिक शब्द, उच्चार व वाक्यरचना यांसाठी निराळा सराव लागतोच.

शब्दमूल हे अर्थाच्या शोधाचे साधन आहे, पुरावा नव्हे. परीक्षेत अपरिचित शब्दाचा तर्क करण्यास ते पुरते. परंतु जमिनीचा दावा, परवाना किंवा नोटीस वाचताना मुळावरून केलेला तर्क कलमाच्या व्याख्येशी ताडून पाहणे अपरिहार्य असते.